केटामिनवर असताना बोललेलं

भूलतज्ज्ञाला दिवाळीला कोणी मिठाईचा पुडा पाठवत नाही. पुडे सर्जनकडे जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आमचं काम जितकं नीट होतं तितके आम्ही पेशंटच्या डोक्यातून पुसले जातो. एकदा भाजी घेताना एका बाईंनी मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही शाळेत शिकवत होता का हो?" त्यांचं सिझेरियन आणि पुढे पित्ताशयाचं ऑपरेशन, दोन्ही वेळा भूल मीच दिली होती. "हो, गणित," असं सांगून मी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि निघाले.

माझं स्वतःचं हॉस्पिटल कधीच नव्हतं. पुण्यात आमच्यापैकी बरेच जण फिरतीवर असतात. सकाळी कर्वेनगरातल्या घरून स्कूटरवर निघायचं, पायाशी औषधांची पेटी. एका नर्सिंग होममध्ये हर्निया, दुसऱ्यात बाळंतीण, तिसऱ्यात मोडलेला हात. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून फिरती बंद केली. तरी माझ्या एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये अजून अधूनमधून जाऊन बसते. तिथलं कामही त्याच औषधाचं आहे ज्याच्याबद्दल मला लिहायचंय. औषधाचं नाव केटामिन.

हल्ली नाव घेतलं की नातेवाईक मोबाईलवर शोधतात आणि वर बघून विचारतात, "मॅडम, हे घोड्यांचं औषध आहे ना?" घोड्यांना देतात, खरं आहे. घोड्यांना पाणीही देतात.

बाकीची भूल माणसाला झोपवते. केटामिन झोपवत नाही, ते माणसाची त्याच्या शरीराशी फारकत करून टाकतं. डोळे उघडे असतात, बुबुळं संथपणे इकडून तिकडे हलत असतात, श्वास आपला आपण चालू असतो आणि पायावरची कातडी खरवडली तरी तो 'हं' म्हणत नाही. दार उघडं, पण घरात कोणी नाही, असा प्रकार. नीट दिलं तर बहुधा श्वास बंद पाडत नाही, म्हणून मोठी यंत्रं नसतील तिथे, अपघातात, आणि विशेषतः भाजलेल्यांच्या ड्रेसिंगला ते फार उपयोगी. भाजलेल्या जागेवरची पट्टी बदलताना काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला मी सांगायला नको, आणि ज्याने पाहिलं नाही त्याने पाहू नये.

दोष म्हणाल तर तोंडाला लाळ सुटते, रक्तदाब चढतो, नाडी पळते. हृदय नाजूक असेल तर फार जपून. ज्याला मुळातच भास होतात त्याच्या वाटेला हे औषध जाऊच नये. पण खरी भानगड होते ती उतरताना. माणूस परत येता येता काहीतरी बघून येतो. कोणी छताला चिकटून स्वतःकडे पाहतो, कोणाचे हात लांबत लांबत खिडकीबाहेर जातात, कोणाला भिंती श्वास घेताना दिसतात. काही जण हसत येतात, काही किंचाळत. ही स्वप्नं सौम्य व्हावीत म्हणून आम्ही जोडीला दुसरं एक इंजेक्शन देतो, तरी थोडंफार उरतंच.

आणि कानावर पडलेलं सगळं त्या स्वप्नात जातं. सुरुवातीच्या काळात एका ऑपरेशनला सर्जन आणि त्यांचा सहायक सोसायटीच्या बंद पडलेल्या लिफ्टबद्दल तावातावाने बोलत होते. बिल्डरचा उद्धार चालला होता. टेबलावरच्या बाई शुद्धीवर येताना दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरून ओरडायला लागल्या, "दोर तुटला, दोर तुटला." त्यांना सावरायला आम्हा सगळ्यांना धरावं लागलं. त्यांच्या तोंडावरची भीती पाहिल्यावर मी माझ्या ऑपरेशन थिएटरात गप्पा बंद केल्या. सर्जन लोकांना बाईमाणसाने गप्प बसवलेलं आवडत नाही. मी म्हणायचे, मग भूल तुम्हीच द्या.

तेव्हापासून माझी एक पद्धत पडली. सुई टोचण्याआधी मी पेशंटच्या कानाशी जाऊन विचारायचे, "कुठे जायचंय?" आधी लोक गांगरायचे, मग सांगायचे. माहेरी. गणपतीपुळ्याला. एक बाई म्हणाल्या, कुठेही न्या, फक्त सासूबाई नकोत. मग त्या जागेबद्दल दोन शब्द बोलत बोलत मी औषध सोडायचे आणि बरेच जण खरोखर तिथेच जाऊन यायचे. मार्केट यार्डातले एक कांद्याचे आडते मांडीवरचं गळू कापायला आले होते. "कुठे जायचं ते जाऊ, पण गाळ्यावर नको," म्हणाले. आणि उतरताना पहिलं काय केलं असेल तर लिलाव पुकारला. डोळे छताकडे, आवाज खणखणीत, कांद्याचा भाव चढत चालला. आमच्या मंदा सिस्टर सगळा वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढ्याला नाही हो परवडत, सोडा मला."

हसू येतं, पण लोक बोलतात ते सगळंच कांद्याचं नसतं. नवऱ्यांची नावं निघतात, आणि कधी कधी नवऱ्याचं नसलेलं नाव निघतं. भावाने लाटलेली जमीन निघते. म्हणून दुसरा नियम होता आणि तो मी प्रत्येक पेशंटला आधीच सांगायचे: केटामिनवर असताना जे बोलाल ते या खोलीतून बाहेर जाणार नाही, शुद्धीवर आल्यावर तुम्हालाही आम्ही सांगणार नाही. सिस्टरपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी तो पाळला. या नियमाचा मला, खरं सांगते, माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान होता.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल बाई औषधाची जाहिरात करतात. एका मूत्ररोगतज्ज्ञाकडे मी एका तरुणाला भूल द्यायला गेले होते. चांगल्या घरातला, चांगल्या नोकरीतला मुलगा. पार्ट्यांमध्ये हेच औषध पूड करून नाकाने ओढायची सवय लागलेली. दर थोड्या वेळाने लघवीला धावत होता, वेदनेने कळवळत होता आणि लघवीतून रक्त जात होतं. आतून पाहिलं तर मूत्राशयाची पिशवी आक्रसून गेलेली, सगळी लालबुंद. बाहेर त्याची आई विचारत होती, "पाणी कमी पितो म्हणून झालं असेल का?" आणि तो मुलगा टेबलावर झोपताना माझ्या पेटीकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे असतं ना ते? आज तेच द्या ना." पेटीला कुलूप मी तोपर्यंतही लावत होते. त्या दिवसापासून ते लावल्यावर ओढून बघायला लागले.

आता मेश्राम काकांचं सांगते.

काका नागपूरकडचे. सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झालेली, जमिनी मोजण्यात. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन पुण्यात लेकीकडे राहायला आले. लेक प्रज्ञा, एकुलती एक, आयटी कंपनीत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत बायको गेली. काका स्वतः तेव्हा आजारी होते, वेगळ्या ठिकाणी दाखल होते. घरी परत आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पुढे ते स्वयंपाक शिकले, आणि एक दिवस भाताच्या आधणाचं पातेलं हातातून सुटलं. उजव्या पायाची नडगी आणि घोटा भाजून निघाला. त्यात मधुमेह. मोठ्या हॉस्पिटलने मांडीची कातडी काढून पायाला लावली, घरी सोडलं, आणि पुढची ड्रेसिंगं आमचे सर्जन देवधर यांच्या कसबा पेठेतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये ठरली. तिथली गल्ली इतकी अरुंद, की रिक्षा कोपऱ्यावर सोडायची आणि पेशंटला खुर्चीत बसवून उचलून आणायचं. पहिल्या दिवशी काका खुर्चीतून उतरले आणि मला म्हणाले, "वरात चांगली काढली जी तुम्ही. फक्त बँड नव्हता."

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठे जायचंय?"

"नागपूरला."

"नागपूरला कुठे?"

"घरी. आणखी कुठे जाणार माणूस?"

औषध उतरताना काका ओरडले नाहीत, हसले नाहीत. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी मात्र वाहत होतं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "बरं वाटलं." पुढच्या काही खेपांना असंच झालं. मग एक दिवस त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, ते स्वप्नं पुसणारं दुसरं इंजेक्शन असते, ते जरा कमी देता येते का?" मी म्हटलं, "का हो?" "काही नाही. उगाच जास्त औषध काहून घ्यायचं?" मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं, पण थोडंच.

प्रज्ञा प्रत्येक वेळी बाहेर बाकावर लॅपटॉप घेऊन बसायची. एकदा मला म्हणाली, "मॅडम, एक विचित्र गोष्ट आहे. ड्रेसिंग झालं ना, की बाबा दोन-तीन दिवस एकदम बरे असतात. जेवतात, पेपर वाचतात, मला चिडवतात. मग परत भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. असं कसं?"

मला ते विचित्र वाटलं नाही. माझ्या मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये आम्ही हेच तर करतो. ज्यांचं नैराश्य इतर औषधांना दाद देत नाही, अशा काही निवडक पेशंटना हेच औषध अगदी थोड्या प्रमाणात, सावकाश देतात. मी शेजारी बसून नाडी आणि रक्तदाब पाहते. काहींच्या मनावरचं ओझं काही तासांत उतरतं. वर्षभर आंघोळ टाळणारा माणूस घरी जाऊन आंघोळ करतो. काहींना काहीच होत नाही. आणि ज्यांना होतं त्यांचंही बहुतेकदा काही दिवसांनी ओसरतं. मग पुन्हा द्यायचं का, किती वेळा, सवय लागली तर काय, हे प्रश्न सुटलेले नाहीत, आणि सुटलेत म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. मी प्रज्ञाला तेवढं सांगितलं आणि मैत्रिणीचा नंबर कागदावर लिहून दिला. निघताना काकांनी तो कागद तिच्या हातून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "दुःख हा आजार आहे का मॅडम?" मी म्हटलं, कधी कधी होतो. "मग नसते तेव्हा काय म्हणतात त्याला?"

इकडे जखम भरता भरता अडली. लावलेली कातडी छान धरली होती, पण घोट्याच्या वर बाहेरच्या अंगाला एक जागा दर खेपेला उकललेली सापडायची. तिथे पू धरायला लागला. देवधरांनी प्रतिजैविकं बदलली, साखरेवरून काकांना झापलं, प्रज्ञाला झापलं. दोन ड्रेसिंगांमधलं अंतर कमी केलं. मग एक दिवस हात धुता धुता मला म्हणाले, "अहो, हे हाडापर्यंत गेलं तर पाय ठेवता यायचा नाही. या वयात, या साखरेत, मी सांगतोय तुम्हाला." देवधर घाबरवणारे नाहीत. त्यांनी असं म्हटलं म्हणजे ते स्वतः घाबरलेले होते.

त्याच दिवशी, ड्रेसिंग संपून देवधर बाहेर गेल्यावर, काकांचं औषध उतरायला लागलं आणि ते बोलायला लागले. आवाज अगदी घरगुती, स्वयंपाकघरात कोणाशी बोलावं तसा.

"फिर ना इकडे. एकदा फिर. ... बरं, नको फिरू. मी येतोच परत. पट्टी सैल करून ठेवतो ना मी, नखानं थोडं उकललं की झालं. मग बोलावतात ते लवकर."

मंदा सिस्टर वापरलेली पट्टी गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या नियमाचा मला अभिमान होता असं मघाशी सांगितलं. त्या क्षणी मला त्याचा राग आला.

बाहेर आले तर प्रज्ञा उभी. "मॅडम, बाबा आत काही बोलतात का? आईबद्दल?"

मी म्हटलं, "आतलं मी सांगत नाही."

ती बाकावर बसली, मीही बसले. मग कोणी न विचारता ती बोलायला लागली. दवाखान्याच्या बाकावर माणसं असं बोलतात. "मी बाबांशी खोटं बोलले आहे. त्यांना सांगितलं, की आईला बघायला दिलंच नाही, बॅग आधीच बंद केलेली होती. तसं नव्हतं. ओळख पटवायला मला आत नेलं होतं, तो सगळा ड्रेस घालून. मी पाहिलं तिला. बाबा आजारी होते, त्यांना काय सांगणार होते मी? ते विचारणार, कशी दिसत होती. म्हणून म्हटलं नाही पाहिलं. आता इतका वेळ गेला, की आता सांगितलं तर म्हणतील तू लपवलंस. मी काय करू?"

उत्तराची वाट न बघता ती लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली. मी मात्र बसूनच राहिले. बाप पायाची खपली काढून ज्या चेहऱ्यामागे जात होता तो चेहरा पाहिलेली लेक दाराबाहेर बाकावर बसलेली होती, आणि दोघांच्या मधे मी होते, तोंडाला कुलूप लावून.

देवधरांना सांगणं सोपं होतं. वैद्यकीय दृष्ट्या योग्यही होतं. पण देवधर म्हणजे सरळ माणूस, त्यांनी तिथल्या तिथे लेकीसमोर विचारलं असतं, "काय हो, स्वतःच्या हाताने पाय घालवताय?" आणि काका पुन्हा कधी तोंड उघडतील असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी आधी त्यांच्याकडेच गेले. ते खोलीत चहा पीत होते. मी दार लोटून घेतलं.

"काका, पट्टी कोण सैल करतं?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "ऐकलं तुम्ही."

"ऐकलं."

"मग तुमचा नियम?"

"नियम बोलण्यासाठी आहे. पायासाठी नाही. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पण आज संध्याकाळपासून पट्टीवर प्लास्टर चढेल आणि तुमच्या नखांना कात्री लागेल. पुन्हा जखम उकललेली दिसली तर देवधरांना मी सगळं सांगणार, हेही आत्ताच सांगून ठेवते."

त्यांनी आपल्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्हाला वाटत असेल म्हातारा भुताखेताच्या नादी लागला. नाही जी. आमच्या धम्मात आत्मा नाही. मेलेला माणूस कुठं बसून नसतो, कुठून येत नसतो. माझे वडील मला हेच शिकवून गेले, मी पोरीला हेच शिकवलं. ती नाही आहे हे मला पक्कं माहीत आहे. पण तुमच्या औषधात ती असते. ओट्यापाशी उभी असते, पाठमोरी. मी हाक मारतो. ती फिरत नाही. एक वेळ फिरली असती ना, तर मी दुसऱ्यांदा आलो नसतो."

"चेहरा बघायचाय तुम्हाला."

"शेवटचा. जिवंतपणीचा आहे माझ्याकडे, फोटो आहेत, अल्बम आहे. पण शेवटचा कोणीच पाहिला नाही. माझ्या बायकोला कोणीच न बघता पाठवून दिलं हो मॅडम. हे मला झोपू देत नाही."

मला इतकं वाईट वाटलं, की मी खिडकीकडे बघितलं. मग मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. म्हटलं, "काका, हे औषध बाहेरून काही आणत नाही. घरात जे सामान आहे तेच ते इकडचं तिकडे करतं. तुम्ही जे पाहिलंच नाही ते ते कुठून दाखवणार? शंभर वेळा दिलं तरी ती पाठमोरीच राहील. पाय तेवढा जाईल."

"मग कोण दाखवणार?"

जिभेवर आलं होतं. गिळलं. "आत्ता मला जे सांगितलंत," मी म्हटलं, "ते मुलीला कधी सांगितलंत?"

"तिला काहून? तिची आई होती ती. तिला आधीच कमी आहे का?"

"सांगा. पुढचं ड्रेसिंग केटामिन न देता करू. गुडघ्याजवळच्या नसा बधिर करते, पायाला काही कळणार नाही, डोकं जागं राहील. तुम्ही पडद्याआड नुसते पडून राहाल. कंटाळाल, म्हणून प्रज्ञाला आत घेते."

त्यांनी माझ्याकडे अगदी मोजणी खात्याच्या नजरेने पाहिलं. "तुम्ही काहीतरी करून राहिल्या."

"मी भूल देते. तेवढंच करते."

प्रज्ञाला मी एवढंच सांगितलं, की बाबा जागे असतील, त्यांच्या उशाशी बसा, आणि त्यांनी काही विचारलं तर खरं सांगा. ती दचकली. काय विचारणार आहेत, म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत नाही. हे तेवढं खोटं होतं. दोघांचं एकही वाक्य मी एकमेकांना सांगितलं नाही, पण दोघांच्या वाक्यांचा वापर मात्र केला. याला नियम मोडणं म्हणायचं की नाही यावर मी अजून स्वतःशी वाद घालते. मंदा सिस्टर म्हणतात, मोडला. त्यांचं बहुतेक बरोबर असतं.

देवधरांनी कुरकुर केली. "नेहमीचं चांगलं चाललं होतं की. आणि नातेवाईक आत कशाला? चक्कर येऊन पडली म्हणजे?" मी म्हटलं, पडली तर मी बघीन. पडदा छातीवर उभा केला. पलीकडे देवधर आणि पाय, अलीकडे काका, प्रज्ञा आणि मी. नसा बधिर करणारा ब्लॉक चांगला बसला होता. चिमटा काढून विचारलं तर काका म्हणाले, "कोणाचा पाय आहे हा?"

या दिवसानंतर पट्टीची गाठ बांधली तशीच राहिली आणि यथावकाश जखम भरली, हे इथेच सांगून टाकते. त्याचं श्रेय देवधरांनी नव्या प्रतिजैविकाला दिलं, मी काही बोलले नाही. काका पुढे माझ्या मैत्रिणीकडेही गेले. औषधासाठी नाही, नुसतं बोलायला.

पण त्या दिवशी पडद्याअलीकडे आधी काहीच होत नव्हतं. पलीकडे देवधरांच्या हत्यारांचा आवाज. काकांनी विचारलं, "ऑफिस?" प्रज्ञा म्हणाली, "सुट्टी घेतली." "कशाला?" "अशीच." मग दोघंही छताकडे बघत राहिले. मी मॉनिटरकडे बघत राहिले, कारण मला दुसरीकडे कुठे बघायचं ते समजत नव्हतं.

मग काका म्हणाले, "बेटा, एक सांगू? तुझी आई मला दिसते. पण पाठमोरी. तोंडच दिसून नाही राहिलं तिचं. शेवटचं कोणीच नाही पाहिलं ना, म्हणून असेल."

प्रज्ञाने त्यांचा हात धरलेला होता. तो तिने सोडला, पुन्हा धरला.

"मी पाहिलं होतं, बाबा."

काकांनी मान वळवली.

"मला बोलावलं होतं आत. मी तुम्हाला नाही म्हणाले. खोटं बोलले."

मला वाटलं आता ते विचारतील, का. त्यांनी ते विचारलं नाही.

"कशी होती?"

"नाकावर मास्कचा वळ होता. लाल, खोल. ओठ सुकले होते. तोंड जरासं उघडं होतं, दुपारी पडायची ना, तेव्हा असायचं तसं. भयानक काही नव्हतं, बाबा. आईच होती." तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "आणि कोणीतरी तिचे केस विंचरले होते. वेणी घातली होती. घट्ट, व्यवस्थित. पुढे घेतली होती, खांद्यावरून."

"पुढे?"

"हो."

"ती मागे टाकत होती."

"हो. त्यांना काय माहीत असणार?"

छताकडे तोंड करून काका रडायला लागले, आवाज न करता, सगळं अंग हलवून, आणि प्रज्ञा त्यांच्या कपाळावर कपाळ टेकवून बसली. मॉनिटरची टिकटिक वाढत गेली.

पडद्यापलीकडून देवधरांचा आवाज आला, "अहो, नाडी पळतेय यांची. ब्लॉक उतरला का? दुखतंय का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "पाय बधिर आहे. तुमचं चालू द्या."